जास्वंदीच्या कळ्या गळतात? औषधाची बाटली उघडण्याआधी काय काय बघायचं

माझा धंदा मोटर रिवाइंडिंगचा. सांगलीत पाण्याच्या मोटरी भरण्यात निम्मं आयुष्य गेलं. जास्वंदीचं खातं आईकडून आलं. तिच्या गणपतीला रोज एक लाल फूल लागायचं. झाड रुसलं की ती मलाच हाक मारायची, कारण तिच्या मते मला "बिघडलेलं कळतं". आई गेली, गणपती राहिला, आणि गल्लीतल्या काकू-वहिनींचे फोनही चालू राहिले. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "कळ्या रग्गड धरतात हो, पण फुलायच्या आधीच टपाटपा खाली."

दुकानात एखादा शेतकरी येतो आणि म्हणतो, मोटर जळाली. मी आधी विचारतो, फ्यूज बघितला का? तिन्ही फेज येतात का? स्टार्टरचा कॉन्टॅक्ट काळा पडलाय का? हे सगळं बघून झालं, तरच बोअरमधली सबमर्सिबल वर ओढायची. पाइप काढायचे, माणसं लावायची, दिवस घालवायचा, आणि वर आल्यावर कळायचं की मोटर ठणठणीत आहे, केबलच तुटली होती, हे मी पाहिलंय. जास्वंदीचं अगदी तसंच आहे. लोक पहिल्याच दिवशी मोटर वर ओढतात, म्हणजे दुकानातून औषध आणतात. म्हणून खालचा क्रम फुकटापासून खर्चिकापर्यंत लावलाय. वरून खाली जा, मधली पायरी गाळू नका. आणि एका वेळी एकच तार हलवा. पाणी, खत आणि फवारणी एकाच रविवारी बदललीत, तर झाड सुधारलं तरी कशानं सुधारलं ते कळणार नाही आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा मला फोन कराल.

आधी लक्षणं नीट बघा

सुरुवातीलाच एक खुलासा. जास्वंदीचं फूल एकच दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत पाकळ्या गुंडाळून घेतं आणि एक-दोन दिवसांत गळून पडतं. ही गुंडाळी लांबून थेट कळीसारखी दिसते. आमच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका वहिनींनी अशा गुंडाळ्या वाटीभर गोळा करून दाखवायला आणल्या होत्या. झाड उत्तम होतं, फुलंही रोज येत होती, फक्त त्या उठायच्या उशिरा. तेव्हा खाली पडलेलं उलगडून बघा. पाकळ्या मऊ, ओलसर, मधे सुकलेला केसर लांब बाहेर आलेला असेल, तर ते झालेलं फूल आहे. घट्ट, हिरवी, न उमललेली असेल तर ती खरी गळलेली कळी.

आता कळी कोणत्या वयात गळते ते बघा. निम्मं निदान इथंच होतं.

हरभऱ्याएवढी असतानाच पिवळी पडून देठासकट गळत असेल, तर बहुतेक वेळा कारण पाणी, ऊन किंवा खत.

चांगली मोठी झालेली, टोकाला रंग दिसायला लागलेली कळी वाकडी होऊन, डाग पडून गळत असेल, तर आत कोणीतरी मुक्कामाला आहे.

कळ्यांच्या देठाशी पांढरा कापूस, पानं चिकट, मुंग्यांची रांग, खालच्या पानांवर चुलीच्या काजळीसारखा थर: हा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. शेंड्याची पानं आवळून कोबीसारखी गोळा झाली असतील तरी बऱ्याचदा तोच. लोक त्याला व्हायरस म्हणतात आणि झाड उपटून टाकतात. या किड्याची लाळ कोवळ्या शेंड्याला विषारी ठरते, म्हणून पानं आखडतात. किडा गेला की पुढची फूट सरळ येते.

नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. पानांच्या कडा करपलेल्या आणि कुंडीच्या काठाला पांढरा थर: पाण्यातला क्षार. माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकतं: मुळांचं दुखणं.

आणि पानं काळीभोर, झाड टरारलेलं, कळीचं नाव नाही, असं असेल तर ते गळण्याचं प्रकरणच नाही. ऊन आणि छाटणीचं खाली लिहिलंय तिकडे जा.

१. बोट घाला

दोन पेरं जाईल एवढं बोट मातीत खुपसा. वरची माती बघून काही कळत नाही. कोरडी लागली तर पाणी, ओली लागली तर आज सुट्टी. एवढंच.

हे सगळ्यात आधी का? पाणी कमी पडलं की झाड आधी कळ्या सोडतं, मग पानं. घरात पैसा कमी पडला की पहिल्यांदा सणवार आखडतात, भाकरी नाही, तसं. आणि उलटही खरं. मुळं सतत पाण्यात राहिली तर त्यांना हवा मिळत नाही, ती पाणी ओढायचं थांबवतात, आणि वर कळीला तहानच लागते. म्हणजे कमी पाणी आणि जास्त पाणी, दोन्हीचं लक्षण वरून एकसारखं. बोटाशिवाय फरक कळत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे लहरी पाणी. चार दिवस गावाला गेलो, कुंडीला तडे गेले, आल्यावर बादलीभर ओतलं. त्यानंतर तीन-चार दिवसांनी कळ्यांचा सडा पडतो आणि तोवर आपण पाण्याचं विसरलेलो असतो. गच्चीवरच्या बारा-चौदा इंची कुंडीला एप्रिल-मेमध्ये रोज, कधी दोन वेळा पाणी लागतं. तीच कुंडी जुलैमध्ये आठवडाभर बघायची गरज नसते. "रोज एक तांब्या" हा नियम गणपतीच्या पूजेला ठीक, झाडाला नाही.

२. ऊन मोजा

मोजा म्हणजे खरंच मोजा. सकाळी आठला, अकराला, दोनला, चारला जाऊन कुंडीवर थेट ऊन आहे का ते बघा. पाच-सहा तास मिळायला हवं. शेजारी मजला चढला, आंब्याची फांदी वाढली, पत्र्याची शेड आली, की मागच्या वर्षी फुलणारं झाड यंदा नुसतं पानांचं होतं. कुंडी असेल तर सरकवा. फक्त सरकवल्यावर आठवडा-दहा दिवस आणखी कळ्या गळतील, घाबरून परत जुन्या जागी नेऊ नका. रोपवाटिकेतून आणलेलं नवीन झाडही पहिल्या पंधरा दिवसांत अंगावरच्या कळ्या टाकून देतं. तो रोग नाही, ते सासरी आल्यावरचं बुजणं आहे.

३. मुंग्यांचा माग काढा

मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेला बिघाड हाच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षवाल्यांना मिलीबग काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. पण एक गंमत बऱ्याच बागायतदारांना माहीत नसते. द्राक्षाच्या घडात शिरून माल खराब करणारा जो गुलाबी मिलीबग, त्याचं जगभरातलं नाव "गुलाबी जास्वंद मिलीबग" असंच आहे. म्हणजे तुमच्या परसातली जास्वंद आणि पाहुण्यांची द्राक्षबाग या किड्याच्या दृष्टीनं एकाच ताटातल्या दोन वाट्या. भेंडी आणि कापूस तर जास्वंदीचे सख्खे भाऊबंद, एकाच कुळातले. कुंडीशेजारी भेंडी लावली असेल तर तीही उलटीपालटी करून बघा.

मिलीबग रस पितो आणि मागून साखरेसारखा चिकटा सोडतो. मुंग्या त्या चिकट्यासाठी येतात आणि त्या बदल्यात त्याला राखतात, त्याच्या शत्रूंना हाकलतात. गवळी म्हशी राखतो तसंच. म्हणून नुसता मिलीबग मारून भागत नाही. मुंग्या चालू राहिल्या तर पंधरा दिवसांत पांढरा कापूस पुन्हा हजर. "तीन वेळा फवारलं तरी परत येतो" असं म्हणणाऱ्या प्रत्येक घरात मला खोडावर मुंग्यांची रांग सापडली आहे.

करायचं असं. मुंग्यांची रांग कुठून चढते ते शोधा. कुंडी भिंतीला टेकली असेल, एखादी फांदी ग्रिलला लागली असेल, तर ती वाट तोडा. मग खोडाला चार बोटं रुंद सेलोटेप गुंडाळा आणि टेपवर ग्रीस लावा. सालीवर थेट ग्रीस लावू नका, साल गुदमरते. माझ्या दुकानात ग्रीसला तोटा नाही, तुम्ही कोणत्याही गॅरेजमधून बोटभर मागून आणा.

मुंग्यांची वाट बंद झाली की पाण्याचा पाइप घ्या, तोंडावर अंगठा दाबा आणि पानांच्या खालच्या बाजूनं, देठांच्या बेचक्यांतून जोरात धार मारा. सकाळच्या वेळी, तीन-तीन दिवसांनी, चार वेळा. जे चिकटून राहिलं ते जुन्या टूथब्रशनं काढा. हट्टी गाठी असतील तर कापसाच्या बोळ्याला मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट लावून टिपून घ्या. त्याच्या अंगावरचं मेण विरघळतं आणि किडा मरतो. फार आवळलेले शेंडे सरळ कापा आणि पिशवीत बांधून टाका. कचऱ्याच्या ढिगावर मोकळे टाकले तर ते चालत परत येतात.

इथं एक सावधगिरी. कापसासारख्या झुबक्यांत एखादा जरा मोठा, चपळ, झालरीवाला पांढरा किडा दिसला तर त्याला सोडा. क्रिप्टोलीमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी मिलीबगसारखंच सोंग घेऊन त्यालाच खात सुटते. हा ऑस्ट्रेलियातला भुंगेरा १८९८ मध्ये भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागेतही मुद्दाम सोडतात. मिलीबग सुस्त असतो, ही अळी झपझप चालते, ओळख तेवढीच. मी पहिल्या वर्षी तिला स्पिरिटनं मारलं होतं, अजून वाईट वाटतं.

४. कळी चिरा

गळलेल्या पाच-सहा ताज्या कळ्या घ्या. पांढऱ्या कागदावर ब्लेडनं उभ्या चिरा. चष्मा लावा.

आत बारीक, पांढरट-पिवळ्या, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान अळ्या वळवळत असतील, काही तर कागदावर चक्क उडी मारतील, तर ती कळीमाशी. माशी कोवळ्या कळीत अंडी घालते, अळी आतून खाते, कळी गळते, आणि अळी मातीत शिरून कोष करते. हे चक्र साधारण तीन आठवड्यांचं. अळी कळीच्या आत असल्यानं वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून उपाय झाडावर नाही, जमिनीवर आहे. सलग महिनाभर रोज सकाळी गळलेल्या कळ्या वेचा, झाडावरच्या पिवळ्या पडलेल्याही तोडा, पिशवीत बांधून घरापासून दूर टाका. खतात टाकू नका. कुंडीतली वरची माती बोटभर हलवून उन्हात तापू द्या. कंटाळवाणं काम आहे, पण फुकट आहे आणि चालतं. चार दिवस करून सोडलंत तर न केल्यासारखंच.

अळ्या नाहीत, पण पाकळ्यांवर तपकिरी ओरखडे आहेत? मग उमललेलं एखादं फूल कागदावर झटका. जिऱ्याच्या तुकड्यासारखे बारीक लांबट किडे पळाले तर ते फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. त्यांना निळे-पिवळे चिकट सापळे लावा आणि खालच्या सातव्या पायरीवरचं निंबोळी तेल वापरा. उन्हाळ्यात पान झटकल्यावर ठिपक्याएवढे लाल जीव संथ चालताना दिसले आणि पानामागं बारीक जाळी असेल, तर तो लाल कोळी. तो कीटक नाही, कोळ्याच्या जातीचा आहे. साधं कीटकनाशक मारलं तर त्याला खाणारे मरतात आणि तो दुप्पट होतो. त्याला पानामागून पाण्याची धार हाच उतारा. कोरड्या, धुळीच्या जागी तो माजतो.

५. पाणी येतं कुठून

पाणी किती हे बघून झालं, आता कसलं ते बघा.

हल्ली घरोघरी आरओ मशीन आहे. त्याच्या नळीतून जे फेकलेलं पाणी येतं ते वाया जाऊ नये म्हणून लोक बादलीत धरतात आणि झाडांना घालतात. हेतू चांगला, पण तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढलेला सगळा क्षार त्याच बादलीत आहे. बोअरचं पाणी आधीच जड, त्यातून निघालेलं हे आणखी जड. त्यानं फरशी पुसा, गाडी धुवा, जास्वंदीला घालू नका. एका घरी सहा महिने खतं बदलून झाली होती. मी गेलो, कुंडीच्या काठावरचा पांढरा थर नखानं खरवडला आणि विचारलं, "मावशी, पाणी कुठलं घालता?" पुढं काही बोलायची गरजच पडली नाही.

क्षार साठला असेल तर कुंडी एकदा धुऊन काढा. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी कुंडीच्या दुप्पट-तिप्पट मापानं हळूहळू ओता आणि खालून सगळं वाहून जाऊ द्या. खाली ताटली ठेवली असेल तर ती काढून टाका, नाहीतर धुतलेला क्षार परत वर चढतो.

६. खताचा हात आखडा, कात्री काढा

आपल्याकडे खताची कमतरता नाही, उलटंच आहे. द्राक्षबागेतून उरलेली पाकिटं पाहुणे प्रेमानं देतात. "हे घाल, फुलंच फुलं येतील" म्हणून ०:५२:३४ देतात. पाकिटावरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश). त्यातला मधला आकडा स्फुरदाचा. जास्वंदीला स्फुरद थोडंच लागतं. ते मातीत साठत गेलं की लोह आणि जस्त मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात. स्फुरदानं भरलेल्या डीएपी खताचंही तेच. युरिया घातला तर पानांचं रान माजतं आणि कळ्या कमी होतात. तिला हवं असतं पालाश. आधी महिनाभर सगळं खत बंद ठेवा. मग मूठभर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत महिन्यातून एकदा, आणि वाटलंच तर ०:०:५० लिटरला दोन ग्रॅम, ओल्या मातीवर, पंधरा दिवसांतून एकदा. कोरड्या मातीवर रासायनिक खत कधीच घालू नका, मुळं भाजतात.

छाटणीचं द्राक्षवाल्याला दोन शब्दांत कळतं: माल नव्या काडीवर येतो. जास्वंदीचंही तेच. तीन-तीन वर्षं कात्री न लागलेलं झाड उंच जातं, फक्त टोकाला फुटतं आणि तिथल्या कळ्यांना पुरेसं पोचत नाही. थंडी सरली की फेब्रुवारीत फांद्यांचा एक तृतीयांश भाग कापा. पावसाच्या तोंडावर पुन्हा हलकी कात्री फिरवा. बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका काप. त्यानंतर दीड-दोन महिने फूल मिळणार नाही. देवाला रोज फूल लागत असेल तर अर्धं झाड आज, अर्धं महिन्यानं कापा. आईनं शिकवलेली ही युक्ती मला तरी कुठे लिहिलेली सापडली नाही.

७. आता कुठं पाकीट उघडायचं

इथपर्यंत पैसे जवळजवळ लागलेच नाहीत. आता थोडे लागतील.

पिवळी पानं, हिरव्या शिरा. काळ्या मातीत चुनखडी असते. मूठभर कोरडी माती वाटीत घ्या, वर पांढरा व्हिनेगर घाला. फसफसली तर चुनखडी आहे. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. म्हणजे बँकेत पैसा आहे आणि खातं गोठवलंय. लोक हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं साधं मीठ) टाकतात, तोही दोन दिवसांत तसाच अडकून बसतो. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून बांधून ठेवलेलं लोह मागा, पण डब्यावर "ईडीडीएचए" लिहिलेलं बघून घ्या. "ईडीटीए" स्वस्त असतं, पण चुनखडीच्या मातीत ते लोह धरून ठेवू शकत नाही. प्रमाण डब्यावरचंच ठेवा. जुनी पिवळी पानं हिरवी होतील अशी वाट बघू नका, नवी फूट कशी येते ते बघा.

किडीसाठी निंबोळी तेल: लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. आधी तेल आणि लिक्विड एकत्र घोटा, मग पाणी. नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटची फवारणी नुसत्या तेलाची होऊन पानं भाजतात. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पानामागून. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. आठवड्यानं पुन्हा, अशी तीन वेळा. पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियमची भुकटीही मिलीबगवर चांगली चालते. ती जिवंत बुरशी आहे, तिच्यासोबत बुरशीनाशक मिसळलं तर पैसे पाण्यात.

द्राक्षावरचं उरलेलं औषध मात्र घरात आणू नका. या फुलाचं कोणी तेल करतं, कोणी चहा करतं, लहान मुलं देठातला गोड थेंब चोखतात, सकाळी शिंजीर येऊन मध पितात. झाडात भिनणारं औषध त्या मधातही उतरतं. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल किंवा पिवळा असेल तर ती वस्तू परसबागेची नव्हेच.

८. शेवटी मोटर वर ओढायची, म्हणजे कुंडी उलटी करायची

माती ओली आहे आणि झाड मलूल आहे, किंवा पाणी घातलं की वरच तुंबतं, तर आता मुळं बघावीच लागतील. आधी कुंडीच्या भोकात खालून तार घालून बघा. कधी कधी एवढंच झालेलं असतं, मुळांनी किंवा खापरीनं भोक बंद केलेलं.

तसं नसेल तर कुंडी आडवी करून गड्डा ओढा. पांढरी-तांबूस, टणक मुळं म्हणजे ठीक. गोल गोल गुंडाळून माती दिसेनाशी झाली असेल तर कुंडी लहान पडते. बाहेरची मुळं बोटभर कापा, कुंडी एक माप मोठी घ्या. मुळं काळी, पिचपिचीत, साल हातात सुटणारी, कुबट वास मारणारी असतील तर कूज आहे. कुजलेलं कापा, वरचा भारही तेवढाच छाटा, कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम करून एकदा ओता आणि आठवडाभर सावलीत ठेवा. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर कष्ट घेऊ नका, चांगल्या काड्या काढून घ्या.

नवी माती भरताना रानातली नुसती काळी माती नको. कुंडीत ती उन्हाळ्यात विटेसारखी आणि पावसाळ्यात चिखल होते. एक वाटा काळी, एक वाटा मुरमाड लाल माती किंवा वाळू, एक वाटा कुजलेलं शेणखत. माती कुठल्या रानातली हेही विचारा. नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात, मिरज-वाळवा-पलूसकडे, पाणी पाजून पाजून क्षारपड झालेली रानं भरपूर आहेत. ट्रॅक्टरवाला ती फुकट देतो, आणि ती फुकट का मिळते ते नंतर कळतं.

काड्यांचं आत्ताच सांगून ठेवतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या परसात कित्येक दिवस पाणी होतं. जमिनीतली आईची जास्वंद पाणी ओसरल्यावर उभी दिसत होती, पण पंधरा दिवसांत वाळली. मुळं आतल्या आत गुदमरून मेली होती आणि वर गाळाचा पापुद्रा बसला होता. आज आहे ते झाड तिचंच, कारण पुराच्या दोन वर्षं आधी बहिणीनं विट्याला चार काड्या नेल्या होत्या. पेन्सिलएवढी जाड, वीतभर लांब, पावसाच्या सुरुवातीला. खालची पानं काढून निम्मी मातीत. चारातल्या दोन तरी लागतात. देशी लाल एकेरी असेल तर बहुतेक सगळ्याच. दुहेरी, रंगीत संकरित जाती नाजूक. त्यांच्या कळ्या सगळं नीट असूनही थोड्या गळतातच, त्यासाठी एवढा खटाटोप करू नका.

हात कधी टेकायचे

वरचं सगळं क्रमानं करून सहा आठवडे झाले आणि नवी फूटही रोगटच येते आहे, तर थांबा. पुढचा प्रयोग आणि पुढची बाटली, दोन्ही नको. शेतीशाळेत शिकलेल्या माणसाला दाखवा. कृषी विज्ञान केंद्र आहे, तालुक्याचं कृषी कार्यालय आहे, आणि माती-पाण्याचा संशय असेल तर मृद परीक्षण करून घ्या. पानांवर पिवळ्या-हिरव्या नकाशासारखे चट्टे येऊन शिरा जाड झाल्या असतील आणि किडा एकही सापडत नसेल, तर व्हायरस असू शकतो. तेव्हा त्या झाडाच्या काड्या कोणाला देऊ नका, कात्रीही स्पिरिटनं पुसा.

कुंपणाच्या जास्वंदीच्या बुंध्याशी वाळवीची माती दिसली आणि कुंपण घराच्या भिंतीला लागून असेल, तर झाडाची काळजी नंतर. वाळवीचं काम करणारा माणूस आधी बोलवा, दाराच्या चौकटी वाचवायच्या आहेत. आणि फवारताना कोणाला गरगरलं, मळमळलं, तोंडाला लाळ सुटली, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना.

तज्ज्ञाकडे जाताना नुसतं "कळ्या गळतात" म्हणून जाऊ नका. शेंडा, एक जुनं पान, एक नवं पान आणि चार गळक्या कळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकमध्ये घाम येऊन सगळं सडतं. सोबत गेल्या दोन महिन्यांत झाडाला काय काय घातलं त्याची यादी, न लाजता. मागे एका काकांना मी अशी यादी करायला लावली. ताक, कांद्याचं पाणी, अंड्याची टरफलं, १९:१९:१९, उरलेली बिअर, आणि खाली बारीक अक्षरात "हिनं घातलेलं वेगळं". कागद उलटा करून दुसऱ्या बाजूला लिहावं लागलं.